लाल चामोटी

नानांकडं दोन चामोट्या होत्या. एक कोरी, एक लाल. कोरी धोकटीत गुंडाळलेली असायची. खिळ्याला नाहीतर झाडाच्या फांदीला अडकवायची, डाव्या हातानं ताणायची आणि तिच्यावर वस्तरा परजायचा. लाल चामोटी सागाच्या फळीवर डकवलेली होती, हातभर लांब, चार बोटं रुंद. ती घराबाहेर कधी गेली नाही. गिऱ्हाइकानं नानांच्या हातात पाहिली ती कोरीच. धार खरी उठायची आदल्या रात्री, लाल चामोटीवर, आणि हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं.

दोघींची गाठ पडू द्यायची नाही, हा घरातला कायदा. लालवरून काढलेला वस्तरा फडक्यानं पुसल्याशिवाय कोरीवर जायचा नाही. आम्हा पोरांपैकी कोणी लाल फळी चाचपून तोच हात कोरीला लावला तर नाना ओरडत नसत. नुसतं "झालं" म्हणत, आणि ज्याचा हात त्यानंच मग सांजपर्यंत ओल्या फडक्यानं कोरी चामोटी पुसत बसायचं. लालवरच्या मसाल्याचा एक कण कोरीवर राहिला तरी ती कोरी उरत नाही. तिचं काम धारेला सरळ करण्याचं, लोखंड खाण्याचं नव्हे. खाण्याचं काम लालचं, आणि तेही मोजून.

आमची पोखर्णी म्हणजे नृसिंहाची पोखर्णी. परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर. परळीकडं जाणाऱ्या रेल्वेच्या पाटीवरसुद्धा गावाच्या नावाला देवाचं नाव जोडलेलं. देवळाच्या आत वाकूनच शिरावं लागतं, भल्याभल्यांची मान तिथं आपोआप खाली जाते. कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळं नवस फेडायला, नव्या नवरानवरीला पायावर घालायला आणि लेकरांची जावळं काढायला माणसं येत राहतात. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, तर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही या गावचे वारीक. नानांचा देवाशी सलगीचा संबंध होता. हिरण्यकशिपूला वर होता की शस्त्रानं मरण नाही, म्हणून देवाला नखांनी काम भागवावं लागलं. नाना नराणी पुसत म्हणायचे, "त्या येळी गावात एखादा वारीक असता अन् आदल्या दिवशी देवाची नखं काढून मोकळा झाला असता, तर पल्हादाचं काय खरं नव्हतं बघ."

जावळ हे नानांच्या लेखी सगळ्यात अवघड काम. लोकांना वाटतं राठ दाढी अवघड. राठ केस उभा राहतो, वस्तऱ्याला सामोरा येतो आणि कापला जातो. जावळाचा केस मऊ, तो धारेखाली नुसता वाकतो, निसटतो. वर लेकरू मामाच्या मांडीवर हातपाय झाडत असतं, आत्या ओंजळ धरून बसलेली असते, आजी "हळू रं बाबा" म्हणत असते, आणि टाळू अजून भरलेली नसते. बोट ठेवलं तर खाली धकधक लागते. नाना डावा पंजा लेकराच्या हनुवटीखाली असा घालायचे की डोकं हललं तर हातही त्याच्याबरोबर हलावा. वस्तरा स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. दाबावा लागला की धार मेली असं समजायचं, आणि मेलेल्या धारेचा वस्तराच माणसाला कापतो. तिखट वस्तरा कापत नाही. हे ऐकायला उलटं वाटतं, पण कोणत्याही वारकाला विचारा.

म्हणून जावळाच्या आदल्या रात्री लाल फळी खाली निघायची. जेवणं झाली की नाना भिंतीला पाठ लावून बसत, फळी मांडीवर आडवी. वस्तरा उघडून मूठ आणि पातं एका रेषेत आणत. त्याची पाठ जाड, धार पातळ. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी चामड्याला टेकली पाहिजेत. त्या वस्तऱ्याच्या घडणीतच सगळं गणित आहे. पाठीच्या जाडीनं धारेचा कोन ठरून जातो, माणसाला तो धरावा लागत नाही, फक्त मोडायचा नाही. मग पाठ पुढं, धार मागं, असा तो सरकवायचा. शेवटाला पोचला की पाठीवर कूस बदलायची, धारेवर कधीच नाही, आणि परत यायचं. जाऊन-येऊन एक. लालवर असे दहा. मग फडकं. मग सकाळी, देवळाबाहेर लिंबाच्या झाडाला कोरी चामोटी अडकवून, तिच्यावर चाळीस. लालवरचा आवाज खालच्या पट्टीतला, ओढल्यासारखा. कोरीवरचा चटक-पटक. मी झोपेत असलो तरी नाना कोणत्या चामोटीवर आहेत ते मला कळायचं.

लाल मसाला घरीच व्हायचा. पोळ्याच्या आठवड्यात बैलांसाठी गेरू दुकानात यायचा तेव्हा नाना दोन-तीन ढेकळं निवडून आणत. हातात घेऊन जड कोणतं, गुळगुळीत कोणतं ते बघत. खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करत. इथवर कोणीही करील. पुढचं काम पाण्याचं. मोठ्या पातेल्यात ती पूड ढवळायची आणि एक बिडी ओढून होईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात जड, खरबरीत कण तळाला जातात. वरचं लाल पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यायचं, तळ फेकून द्यायचा. पुन्हा ढवळायचं, पुन्हा एक बिडी. असं करत करत शेवटच्या भांड्यात जे पाणी उरे ते रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली साईसारखा लाल थर. तो सावलीत वाळवायचा.

आणि मग परीक्षा. मसाल्यात एक जरी वाळूचा कण राहिला तर तो धारेला ओरखडा पाडतो. तो कण डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. दातांना लागतो. नानांचे दात तंबाखूनं बोथट झालेले, म्हणून ते मला बोलावत. माझे तेव्हा दुधाचे दात होते. चिमूटभर गेरू पुढच्या दातांत धरून हळू घासायचा.

"कचकच लागायली का?"

लागली म्हटलं की सगळा माल परत पाण्यात. नाही म्हटलं की नाना माझ्या तोंडाकडं जरा वेळ बघत, कारण खेळायला पळायची घाई असलेलं पोरगं काहीही सांगतं. मग पुन्हा विचारत. गेरूची ती मातकट चव मला आजही जिभेवर आणता येते. त्या वयात घरात माझं असं एक काम होतं जे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, आणि मी ते फार ऐटीत करायचो.

ती पूड एरंडेल आणि मेणात घोटायची. प्रमाण हंगामावर. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा मेण जास्त. नाहीतर मसाला वितळून फळीवरून ओघळतो. थंडीत एरंडेल जास्त, नाहीतर चामड्यावर पापुद्रे धरतात. चामडं म्हशीचं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. बोटाच्या टोकावर घेऊन मसाला इतका पातळ चोळायचा की चामड्याचं रंध्र-रंध्र दिसत राहिलं पाहिजे. "लेप नाय द्यायचा, नुसता रंग दाखवायचा," असं नाना म्हणत.

सोनार सोन्याला जी लाल पूड लावून झळाळी आणतात तीही लोखंडाचंच भस्म, गेरूच्याच नात्यातली, हे मला फार उशिरा कळलं. युरोपात वस्तऱ्याच्या चामोटीला लावायला अशाच लाल, काळ्या, हिरव्या मसाल्याच्या नळ्या मिळतात. हिरवा म्हणजे क्रोमियमचा. त्याचा कण साधारण अर्धा मायक्रॉन धरतात, म्हणजे मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे वापरतात ती हिरवी कांडी याच जातीची. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, एकदा ती परभणीहून आणली. नानांनी एका जुन्या पट्ट्यावर घासून वस्तरा फिरवला, अंगठ्यावर धार बघितली, आणि कांडी परत दिली. "चांगलीय. पण लई खाती." क्रोमियमचं भस्म लोखंडाच्या भस्मापेक्षा पुष्कळ कठीण असतं, हे पुस्तकात वाचण्याआधी मी नानांकडून असं ऐकलं होतं.

खाणं, हाच तर सगळा मामला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत काही संशोधकांनी साध्या दाढीच्या पात्यांची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्यातला एक जण स्वतःची दाढी करून करून ती पाती तपासत होता. 2020 साली त्यांनी लिहिलं की पोलादाहून जवळजवळ पन्नास पट मऊ असलेला केस पोलादाच्या धारेचे टवके काढू शकतो. पोलाद आतून सगळीकडं सारखं नसतं. केस विशिष्ट तऱ्हेनं वाकून नेमका कच्च्या जागी लागला की तिथून बारीकसा तुकडा निघतो. मी ते वाचलं तेव्हा नाना नव्हते. असते तर म्हणाले असते, त्यात काय शोधलं?

केसानं धारेचे टवके निघतात. ते काढायचे तर धारेच्या कडेचं थोडं लोखंड उतरवावं लागतं. दगडावर पाजवलं तर पुष्कळ उतरतं; लालवर अगदी थोडं. म्हणजे लाल चामोटी दगडाची पाळी पुढं ढकलते. पण दहावर थांबलं तर. चामडं दगडासारखं ताठ नसतं, पात्याखाली दबतं आणि धारेच्या मागं जरासं वर उठतं. कोऱ्या चामड्याचं ते उठणं निरुपद्रवी. लाल चामड्याचं उठणं धारेच्या टोकालाच चाटत राहतं. अकरावा, बारावा, पंधरावा हात मारला की धार चकचकीत दिसते पण गोल होत जाते, आणि एकदा गोल झाली की दगडाशिवाय इलाज नाही. जे टाळायला लाल घेतली तेच ओढवून घ्यायचं. लाल कोणालाही लावता येते. कधी बाजूला ठेवायची, हे येणारी माणसं थोडी. आमच्या पंचक्रोशीतले काही चांगले कारागीर हात थांबत नाही म्हणून वाया गेलेले नानांनी पाहिले होते.

धार पाहण्याचं यंत्र म्हणजे अंगठ्याचं पेर. धारेच्या आडवं, हलकेच, वजन न देता. तिखट धार कातडीला धरते, बोथट घसरते. या यंत्राची खरी किंमत नानांना बहात्तरच्या दुष्काळात कळली.

त्याआधी आमचं घर बलुत्यावर चालायचं. खळ्यावर ज्वारी मिळायची आणि त्यावर वर्षभर गावाची डोकी आणि दाढ्या. पाऊस गेला, पिकं गेली, ज्याच्या खळ्यावरच काही नाही तो बलुतं कुठून देणार? नाना आणि आई सरकारी कामावर खडी फोडायला गेले. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, पोरांना सुकडी. मी तेव्हा पाळण्यात होतो. हे सगळं मी आईकडून ऐकलेलं. हातोड्यानं नानांच्या तळहाताला आणि बोटांना घट्टे पडले. काम सुटून आल्यावर एका संध्याकाळी त्यांनी वस्तरा काढला, लालवर, कोरीवर फिरवला आणि अंगठा लावला. काही कळेना. दुसरा अंगठा लावला. तोही मुका. आई सांगायची की दुष्काळात नाना एकदाच घाबरलेले दिसले, ते तेव्हा. उपाशी झोपताना नाही, बैल विकलेले शेजारी रडताना नाही. आईचा अंगठा बघावा तर तिनंही खडीच फोडलेली. मग त्यांनी दादाला हाक मारली. दादा आठ वर्षांचा. त्याचा अंगठा स्वतःच्या मुठीत धरून त्यांनी धारेवर ठेवला आणि विचारलं, "धरायली का सुटायली?"

घट्टे पुरते गळून पडेपर्यंत पोखर्णीतल्या वस्तऱ्याची धार एका आठ वर्षांच्या पोराच्या अंगठ्यानं पास होत होती. दादा या धंद्यात कसा आला असं कोणी विचारलं तर तो अंगठा दाखवतो. मी शाळेत गेलो, मास्तर झालो. माझे दातच तेवढे कामाला आले.

वस्तऱ्याचं कौतुक करताना एक गोष्ट गिळून टाकता येत नाही. ही धार सगळ्यांसाठी नव्हती. आमच्या आज्याचा वस्तरा गावकुसाबाहेरच्या वस्तीत कधी गेला नाही. गावाची रीत म्हणून गेला नाही, आणि रीत मोडायची त्याची प्राज्ञा नव्हती असं म्हणून मी त्याला सोडवू शकतो, पण ज्यांचे केस आपसांत कात्रीनं कापले जात होते त्यांना त्या सोडवण्याचं काय? उलट जिथं वस्तरा जायला नको होता तिथं तो जात होता. वाड्यातली सून विधवा झाली की आज्याला निरोप यायचा. मुंबईत 1890 साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांनी सभा घेऊन सांगितलं होतं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. फुल्यांच्या विचाराचं ते फळ. पण मुंबई इंग्रजांची आणि आम्ही निजामाच्या मुलखातले. तो ठराव आज्याच्या कानावरही गेला नसणार. आजी सांगायची की अशा कामाला जायच्या आदल्या रात्री मात्र आज्या लाल फळी न चुकता काढायचा. दुखू नये म्हणून. याला दया म्हणायचं की कसब, मला ठरवता आलेलं नाही.

संत सेना महाराज आमच्याच धंद्यातले. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते आणि दादाच्या दुकानात त्यांच्या तसबिरीला हार पडतो. त्यांचा धंद्यावरचा एक अभंग फार गाजलेला. त्यात आरसा येतो, चिमटा येतो, पाणी येतं, नखंसुद्धा येतात. वस्तरा येत नाही. मला हे फार दिवस खटकायचं. आज्याच्या गोष्टी ऐकून झाल्यावर खटकेनासं झालं.

दुष्काळानंतर बलुतं पुन्हा नीट बसलं नाही. नानांनी फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं, लाकडी खुर्ची आणली, आणि खुर्चीवर बसंल तो गिऱ्हाईक. पैसे सगळ्यांचे सारखे. काही बड्या मंडळींनी त्यावरून येणं सोडलं. वर्षा-दोन वर्षांनी मुकाट परत आली. नानांनी ही क्रांती केली असं मी म्हणणार नाही. दुकानाला गिऱ्हाईक लागत होतं. पण वस्तरा एकच होता आणि तो सगळ्यांच्या गालावरून फिरला, एवढं खरं.

वस्तऱ्याचा शेवट कोणी क्रूरपणे केला असंही नाही. नव्वदच्या दशकात एड्सची भीती गावोगाव पोचली. दवाखान्याच्या भिंतीवर चित्रं आली, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी पत्ती वापरा म्हणून. तोवर अर्धी पत्ती अडकवायचे उस्तरे बाजारात आलेच होते. पुष्कळ जुने वारीक कुरकुरले. नाना नाही कुरकुरले. चामड्याला उकळता येत नाही, धुता येत नाही. एकाच्या गालावरचं रक्त दुसऱ्याच्या वस्तऱ्याला लागू शकतं, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ज्यांनी आयुष्यभर लालचा कण कोरीवर जाऊ दिला नाही त्यांना लागण काय ते आधीच माहीत होतं. एका सकाळी त्यांनी पत्तीचा उस्तरा घेतला, फळी जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकली, आणि तो विषय संपला. घरी स्वतःच्या दाढीला तेवढा जुना वस्तरा राहिला. तो जर्मनीचा, पात्याच्या देठावर सोलिंगन असं कोरलेलं, जे नानांना वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांवरून बोट फिरवून ते वस्तरा ओळखायचे. आज्यानं तो हैदराबादहून येणाऱ्या कोणाकडून तरी घेतला होता, रझाकारांच्या धामधुमीच्या आधी.

शेवटची काही वर्षं नानांना कंपवात होता. हात मांडीवर रिकामा पडला की थरथरायचा, चहाची बशी वाजायची. पण संध्याकाळी ते कोरी चामोटी खिडकीच्या गजाला अडकवून वस्तरा हातात घ्यायचे आणि हात थांबायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही सगळे धावलो होतो. परभणीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हा कंप विश्रांतीतला आहे, हात कामाला लागला की कमी होतो, करू द्या. तेव्हापासून घरात त्या वेळी कोणी टीव्ही लावत नसे. पाठ पुढं, धार मागं, कूस पाठीवर. चाळीस झाले की वस्तरा मिटायचा, पात्याला एरंडेलाचं बोट लावून ठेवायचा. वस्तरा मिटला की हात पुन्हा सुरू.

दाढी त्यांची तेव्हा दादा करत होता, पत्तीनं. नाना तक्रार करायचे. "तुझ्या हाताला आवाज नाय." खरंच आहे; जाड पात्याचा वस्तरा खुंटावरून जाताना जो खरखर गातो तो पत्तीला कुठला? मी एकदा विचारलं, नाना, रोज परजता, मग लाल फळी काढून देऊ का माळ्यावरून?

"कापायचं कोणाला हाय आता? उगं लोखंड खायचं."

ते पौषात गेले. झोपेतच.

दहाव्याला आम्ही गंगाखेडला, गोदावरीच्या घाटावर. जनाबाईचं गाव, आमच्या भागातल्या माणसांची दहावी बहुतेक तिथंच होतात. पाणी आटलेलं, कडेला शेवाळ. घाटावरच्या वारकानं दादाला ओळखलं आणि पैशाची गोष्ट काढायच्या आधीच हात जोडले. वारीक वारकाकडून ते घेत नाही. त्यानं कागदातली पत्ती कागदासकट मधोमध मोडली, अर्धी उस्तऱ्यात सरकवली. डोकं ओलं केलं. आणि सुरू करायच्या आधी तो उस्तरा त्यानं डाव्या तळहातावर उलटासुलटा दोनदा फिरवला. नव्या पत्तीला त्याची काही एक गरज नसते. तो तिशीतला पोरगा, चामोटीवर कधी हात चालवला असेल असं वाटत नाही. त्याच्या बापाला करताना पाहिलं असेल. मी दादाकडं बघितलं. दादाची पाळी आधी होती, त्याची मान खाली घातलेली, त्याला ते दिसलं नाही. आवाज मात्र त्याला आला असणार, कारण त्याचे खांदे तेवढ्यावरच हलायला लागले. दहा दिवसांत तो रडला नव्हता.

त्यानंतर वस्तरा, दोन्ही चामोट्या आणि धोकटी दादाच्या घरी फडताळात राहिल्या. वहिनींनी दोनदा विचारलं की त्या लाल फळीचा वास येतो, टाकू का. दादा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

मध्यंतरी दादाच्या मुलाचा एक मित्र पुण्याहून आला. कंपनीत इंजिनीअर. शहरांत आता हौसेनं जुन्या वस्तऱ्यानं दाढी करणारी मंडळी आहेत, त्यातला. तो आदबीनं बसला, वस्तरा दोन्ही हातांत घेतला, खिशातून मापाचं यंत्र काढून पात्याची रुंदी मोजली. म्हणाला, काका, हा मुळात पाच-अष्टमांश इंची, म्हणजे जवळपास सोळा मिलिमीटर असणार. आता अकरा भरतोय. पाच मिलिमीटर गेलं कुठं?

"गावात," दादा म्हणाला.

पोराला फळीचा नाद लागला. लाल मसाला नखानं खरवडून वास घेतला, मायक्रॉन किती असतील म्हणून विचारलं. विकणार का, तेही विचारून पाहिलं. दादानं वस्तरा दिला नाही, फळी दिली नाही, पण कृती सगळी सांगितली: गेरू कसला घ्यायचा, किती वेळा निवळायचा, उन्हाळ्यात मेण किती. पोरगा मोबाइलमध्ये टिपून घेत होता. बिडीच्या वेळेची मिनिटं किती धरायची यावर दोघांची जरा वादावादी झाली. किती हात मारायचे, त्यानं विचारलं. दहा. बारा-पंधरा मारले तर? दादानं त्याला अंगठा पुढं करायला सांगितला, पेर दाबून बघितलं, आणि म्हणाला, दहा.

परवा त्याचा पुण्याहून फोन आला होता. मी तिथंच बसलो होतो. तीनदा निवळलं, काका, वस्त्रगाळ केलं, चार भांडी बदलली, तरी धारेवर ओरखडे दिसतायत भिंगातून. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून, फोनवर हात न ठेवताच, म्हणाला,

"इचार त्याला, घरात कुणाचे दुधाचे दात हायेत का."